पांढरा शार्क आणि युरोपीय ससा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचा प्रकल्प करणारे, ससा पाळणारे, जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि नुसत्या कुतूहलाने लिहिणारे अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे गुंतागुंतीचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शार्क तर शेकडो प्रकारचे आहेत, ससेही बरेच. मग तुलना नेमकी कोणाची?

इथे दोनच प्रजाती घेतल्या आहेत: पांढरा शार्क, म्हणजे ग्रेट व्हाइट (शास्त्रीय नाव कार्कॅरोडॉन कार्कॅरियस), आणि युरोपीय ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस). जगातल्या पाळीव सशांच्या सगळ्या जाती याच एका प्रजातीतून आल्या आहेत. त्यामुळे सशाबद्दल जे इथे लिहिलंय, ते घरातल्या सशालाही बहुतांशी लागू पडतं.

‘शार्क विरुद्ध ससा’ अशी मोघम तुलना करू नका. पाचशेहून अधिक शार्क प्रजातींपैकी काही तळहाताएवढ्या असतात, तर व्हेल शार्क बसपेक्षा लांब. काही अंडी घालतात, काही पिल्लांना जन्म देतात. इतक्या मोठ्या गटाबद्दल केलेलं जवळपास प्रत्येक विधान कुठल्या तरी प्रजातीपुरतं चुकीचं ठरतं.

२. मोजकी आकडेवारी एका ठिकाणी मिळेल का?

पांढऱ्या शार्कची पूर्ण वाढलेली मादी साधारण ४.५ ते ५ मीटर लांब असते, नर ३.५ ते ४ मीटर. फार मोठ्या माद्या ६ मीटरच्या आसपास जातात. मोठ्या शार्कचं वजन टनात मोजावं लागतं. जंगली युरोपीय ससा ३५ ते ५० सेंटिमीटर लांब आणि बहुधा सव्वा ते अडीच किलोचा. शार्कच्या पेशीत गुणसूत्रांच्या ४१ जोड्या असतात, सशाच्या पेशीत २२. शार्कचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो माणसाच्या जनुकसंचाच्या साधारण दीडपट आहे, सशाचा मात्र माणसाहून थोडा लहान. प्राण्याचा आकार किंवा त्याची गुंतागुंत आणि जनुकसंचाची लांबी यांचा थेट संबंध नसतो, म्हणून या आकड्यावरून कोण ‘प्रगत’ ते ठरवू नका.

३. दोघांचं नातं किती लांबचं आहे?

दोघेही पाठीचा कणा आणि जबडा असलेले प्राणी. कूर्चेचा (प्रश्न ४) सांगाडा असलेल्या माशांची शाखा आणि हाडांचा सांगाडा असलेल्यांची शाखा सुमारे ४४ ते ४५ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. शार्क पहिल्या शाखेत, ससा दुसऱ्या शाखेत.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ट्यूना हा हाडांचा मासा, त्यामुळे तो सशाच्या शाखेत येतो. म्हणजे वंशावळीत ट्यूनाचं सशाशी नातं शार्कपेक्षा जवळचं आहे. शार्क आणि ट्यूना दिसायला सारखे, कारण पाण्यात वेगाने पोहायचं तर शरीर निमुळतं आणि शेपटी चंद्रकोरीसारखी लागते. तीच गरज दोन वेगळ्या शाखांना स्वतंत्रपणे त्याच आकाराकडे घेऊन गेली.

४. शार्कला हाडं नसतात, मग तो इतका ताकदवान कसा?

त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो, म्हणजे आपल्या बाहेरच्या कानात आणि नाकाच्या शेंड्यात असते त्या जातीच्या ऊतीचा. ही कूर्चा नुसती मऊ राहत नाही. तिच्या पृष्ठभागावर कॅल्शियमयुक्त बारीक फरश्यांचा थर बसलेला असतो आणि जबड्यासारख्या जागी तो अधिक भक्कम होतो. पाणी शरीराचा भार पेलतं, म्हणून हलका सांगाडा पुरतो. तरंगायला मदत होते ती तेलाने भरलेल्या प्रचंड यकृताची. हाडांच्या माशांसारखी हवेची पिशवी शार्कला नसतेच.

सशाचा सांगाडाही हलका, शरीराच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के. पण त्याच्या मागच्या पायांचे स्नायू भलतेच जोरदार. हे असमतोल गणित ससा पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवलंच पाहिजे. उचलताना मागचा भाग लोंबता राहिला आणि सशाने जोरात लाथ झाडली, तर त्याच्याच ताकदीने कमरेजवळचा मणका मोडू शकतो. एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली ठेवून, सशाला अंगाशी धरूनच उचला.

५. दोघांचे दात आयुष्यभर वाढतात, हे खरं का?

पूर्ण खरं नाही. शार्कचे दात बदलतात, सशाचे वाढतात.

पांढऱ्या शार्कच्या कामाच्या रांगेत वरच्या जबड्यात साधारण २४ ते २६ आणि खाली २२ ते २४ दात असतात. त्यांच्या मागे राखीव दातांच्या रांगा आडव्या पडलेल्या असतात. दात जबड्याच्या खोबणीत रुतलेले नसतात, मऊ ऊतीने धरलेले असतात. शिकारीत एखादा निखळला की मागचा दात हळूहळू पुढे सरकतो. एक शार्क आयुष्यभरात हजारो दात टाकतो. वरचे दात रुंद, त्रिकोणी आणि करवतीसारख्या कडांचे असतात, खालचे जरा अरुंद. लहान शार्कचे दात एकंदरीतच अरुंद असतात आणि माशांना पकडायला ते सोयीचे पडतात. लांबी ३ मीटरच्या आसपास गेली की दात रुंदावतात आणि सील, समुद्रसिंह असे सस्तन प्राणी त्याच्या खाण्यात येऊ लागतात.

सशाला २८ दात. सुळे नाहीत, पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा. सशाचा वरचा ओठ अलगद वर करून बाजूने पाहिलं, तर पटाशीच्या दोन मोठ्या दातांच्या अगदी पाठीमागे खिळ्यासारखे आणखी दोन बारीक दात दिसतात. उंदीर-घुशींना ते नसतात. ससा कृंतक, म्हणजे उंदरांच्या गणातला नाही, वेगळ्या गणातला आहे, याची तोंडातली खूण हीच. १९१२ पासून ससे, शशक (इंग्रजीत हेअर) आणि पिका (सशांचे आखूड कानांचे नातेवाईक) यांचा गण कृंतकांपासून वेगळा मानला जातो.

सशाच्या सगळ्याच दातांची मुळं उघडी राहतात. पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात आणि गवत चावताना तेवढेच झिजतात. गवतातल्या सिलिकामुळे दाढा घासल्या जातात. गवताऐवजी नुसत्या गोळ्या आणि गाजर दिलं तर झीज कमी पडते, दाढांना टोकं फुटतात, ती जिभेला किंवा गालाला टोचतात आणि ससा खाणं सोडतो. पुढचे दात नीट दिसताहेत म्हणून दाढाही नीट असतील असं समजू नका. दाढा उपकरणाशिवाय दिसत नाहीत.

६. शार्क मासा आहे, मग त्याला उष्ण रक्ताचा का म्हणतात?

कारण पांढरा शार्क शरीराचे काही भाग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम ठेवतो. सतत पोहणाऱ्या लाल स्नायूंत उष्णता तयार होते. तिथून परतणाऱ्या गरम रक्ताच्या बारीक वाहिन्या आणि कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना चिकटून, उलट दिशांनी वाहतात. उष्णता बाहेर निसटण्याआधीच थंड रक्तात उतरते. जठराचं तापमान पाण्यापेक्षा १४ अंश सेल्सियसपर्यंत जास्त मोजलं गेलं आहे. मेंदू आणि डोळेही गरम राहतात. हृदय मात्र पाण्याच्याच तापमानावर धडधडतं, कारण त्याच्याकडे थेट कल्ल्यांच्या बाजूचं थंड रक्त येतं. म्हणून याला ‘प्रादेशिक’ उष्णता म्हणतात.

सशाचं सगळंच शरीर ३८.५ ते ४० अंशांच्या आसपास असतं. त्याची अडचण उलटी आहे, उष्णता बाहेर टाकायची कशी? त्याला घाम जवळजवळ येत नाही आणि धापा टाकून फारसा फायदा होत नाही. कानांतल्या वाहिन्या रुंदावून तो उष्णता सोडतो. हवा २८ ते ३० अंशांच्या वर गेली की पाळीव सशाला उष्माघाताचा धोका सुरू होतो. एकाच भौतिक नियमाचा शार्क उष्णता अडवायला उपयोग करतो आणि ससा ती सोडायला, म्हणून ही जोडी मला तुलनेतली सर्वांत सुंदर वाटते.

७. शार्क थांबला तर मरतो का?

पांढऱ्या शार्कच्या बाबतीत बहुतांशी हो. तोंड किंचित उघडं ठेवून पोहताना कल्ल्यांच्या पाच फटींतून पाणी वाहतं, त्यावरच त्याचा श्वास चालतो. गाल हलवून पाणी आत खेचणाऱ्या, तळाशी निवांत पडणाऱ्या शार्क प्रजाती वेगळ्या. सशाचीही श्वासाची एक अट आहे: तो नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदलेला ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर ती आणीबाणी समजा.

८. कोणाची ज्ञानेंद्रियं जास्त तीक्ष्ण?

प्रत्येक इंद्रियाला वेगळं उत्तर आहे.

ऐकण्यात ससा खूप पुढे. त्याला सुमारे ९६ हर्ट्झपासून ४९,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज कळतात. शार्कची मदार खालच्या पट्टीवर, साधारण १,००० हर्ट्झच्या आत. तडफडणाऱ्या माशाचे ठोके याच पट्टीत येतात. शार्कला बाहेरचे कान नसतात, डोक्यावर फक्त दोन बारीक छिद्रं.

पाहण्याच्या बाबतीत सशाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण नाकाच्या अगदी समोरचं दिसत नाही. बोट थेट नाकासमोर नेलं की ससा दचकतो किंवा चावतो, त्याचं कारण हे. हात बाजूने आणा. सशाला निळा आणि हिरवा ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या शंकूपेशी असतात. शार्कमध्ये शंकूपेशींचा एकच प्रकार आढळतो, म्हणजे त्याला रंगांचा भेद बहुधा कळत नाही. पण त्याच्या डोळ्यात प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे अंधुक पाण्यात त्याची नजर चांगली चालते. सशाच्या डोळ्यात हा थर नाही. आणि शार्कचे डोळे काळेभोर असतात असं सगळीकडे छापलेलं असलं, तरी जवळून पाहिल्यास बुबुळ गडद निळं दिसतं. हल्ल्याच्या क्षणी तो डोळा मागे वळवून घेतो, कारण त्याला झाकणारी तिसरी पापणी नसते. सशाला ती असते.

विद्युतसंवेदन मात्र शार्ककडेच. नाकाड्यावरच्या छिद्रांतून आत जाणाऱ्या जेलीने भरलेल्या नळ्या भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारं क्षीण विद्युतक्षेत्र टिपतात. स्टेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्ये या नळ्यांचं वर्णन केलं, त्यांचं काम काय ते मात्र फार उशिरा, विसाव्या शतकात कळलं. हवेत वीज अशी वाहत नाही, त्यामुळे सशाला या इंद्रियाचा उपयोगच नसता. बिळाच्या अंधारात त्याचं काम मिशा करतात.

रक्ताचा एक थेंब शार्कला कित्येक किलोमीटरवरून कळतो, ही गोष्ट खोटी. वास पाण्याबरोबर वाहत यावा लागतो, आणि वाटेत तो विरत जातो.

९. ससा स्वतःची विष्ठा खातो, शार्क उलटी करतो. यात काही संबंध आहे का?

आहे. दोघांचाही प्रश्न एकच, आतड्यातून जाणाऱ्या अन्नाचं काय करायचं.

सशाचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, मोठं, पोटाच्या पोकळीतला सर्वांत मोठा अवयव. तिथले सूक्ष्मजीव गवताचे तंतू आंबवतात आणि प्रथिनं, जीवनसत्त्वं तयार करतात. पण ही जागा लहान आतड्यानंतर येत असल्याने तिथे तयार झालेलं पोषण शोषायची संधी हुकते. म्हणून ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरडी, गोल लेंडी, जी आपल्याला दिसते. दुसरी मऊ, चकचकीत, घडासारखी चिकटलेली, जी तो थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन गिळतो. ही सवय मोडायला जाऊ नका. पिंजऱ्यात मऊ घड पडलेले दिसू लागले तर ससा लठ्ठ आहे, त्याला पाठ वाकवता येत नाही किंवा आहारात पिष्ट जास्त आहे, असा अर्थ असतो.

शार्कचं आतडं लांबीने आखूड असतं. त्याच्या आत पडद्यांची वळणं असतात, त्यामुळे अन्न लांब वाटेने फिरतं आणि थोड्या जागेत शोषणाला भरपूर पृष्ठभाग मिळतो. न पचणाऱ्या वस्तू तो ओकून टाकतो. शार्क जठरच उलटं करून तोंडाबाहेर काढू शकतात आणि पुन्हा आत घेतात. सशाला उलटी करताच येत नाही. म्हणून सशाने १२ तास काही खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

१०. शार्कच्या मांसाला अमोनियाचा वास का येतो? आणि सशाचं मूत्र लाल किंवा दुधाळ का असतं?

समुद्राचं खारं पाणी शरीरातलं पाणी शोषून घेऊ नये म्हणून शार्क रक्तात आणि स्नायूंत युरिया साठवून ठेवतो. युरियामुळे प्रथिनं बिघडू नयेत यासाठी टीएमएओ नावाचं दुसरं संयुगही सोबत साठवतो. शार्क मेला की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात. जादा मीठ तो गुदद्वाराजवळच्या एका ग्रंथीतून बाहेर टाकतो.

ससा आहारातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि उरलेलं मूत्रातून टाकतो, त्यामुळे मूत्र दुधाळ दिसतं. वनस्पतींतल्या रंगद्रव्यांनी ते नारिंगी-लालही होतं. रक्त आहे की रंग, हे डोळ्यांनी ठरवू नका, पशुवैद्याकडची पट्टी-चाचणी ते लगेच सांगते.

११. शर्यत लावली तर?

क्षणभराच्या झेपेत दोघेही ताशी ४० किलोमीटरच्या आसपास येतात. शार्कचा हा आकडा अंदाजी आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्यामुळे त्यासाठी त्याला कैकपट जोर लागतो. फरक पडतो तो अंतरात. निकोल नावाने ओळखली गेलेली मादी नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ खूण लावून सोडली. ती ९९ दिवसांत ११,००० किलोमीटर कापून ऑस्ट्रेलियाजवळ पोहोचली आणि ऑगस्ट २००४ मध्ये पुन्हा दक्षिण आफ्रिकेत दिसली. ससा सहसा बिळापासून काही शे मीटरपलीकडे जात नाही.

१२. पिल्लं कोणाची जास्त, आणि कशी होतात?

या एका मुद्द्यावर दोन्ही प्राण्यांचं सगळं भवितव्य अवलंबून आहे.

सशाची मादी जंगलात साधारण चार महिन्यांत वयात येते. तिचं बीजांड ठरलेल्या चक्राने बाहेर पडत नाही. समागमानंतर सुमारे १० तासांनी पडतं, त्यामुळे मिलन वाया जाण्याची शक्यता कमी. तिला दोन स्वतंत्र गर्भाशयं असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळं. गर्भावधी ३० ते ३२ दिवस. एका वेळी बहुधा चार ते सहा पिल्लं, आणि व्यायल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. अन्न तुटलं किंवा ताण वाढला तर गर्भ आतल्या आत शोषून घेते. पिल्लं आंधळी, केस नसलेली. आई स्वतःच्या पोटाचे केस उपटून घरटं करते आणि दिवसातून एकदाच, तीन ते पाच मिनिटं पाजून निघून जाते, कारण सतत जवळ राहिली तर वासाने भक्षक येतील. घरट्यात एकटी दिसणारी पिल्लं म्हणूनच टाकून दिलेली नसतात. पोटं गोल आणि अंग गरम असेल तर त्यांना हात लावू नका.

शार्कचंही फलन शरीराच्या आत होतं. नराच्या पोटाकडच्या परांना लागून दोन नळीसारखे अवयव असतात. अंडी मादीच्या आतच उबतात. सुरुवातीला गर्भाशयाच्या भिंतीतून स्निग्ध, दुधासारखा द्राव पाझरतो. जपानमधल्या ओकिनावाजवळ सापडलेल्या गाभण मादीच्या अभ्यासातून हे २०१६ मध्ये समोर आलं. पुढे पिल्लं फलित न झालेली अंडी खाऊन वाढतात. पिल्लं पोटातच एकमेकांना खातात, ही सँड टायगर शार्कची गोष्ट आहे. पांढऱ्या शार्कला ती चुकून चिकटवली जाते. गर्भावधी वर्षभराचा किंवा त्याहून मोठा. पिल्लं थोडी, बहुधा दोन ते दहा, पण जन्मतःच १.२ ते १.५ मीटर लांब. त्यानंतर आई वळूनही पाहत नाही.

अटलांटिकच्या वायव्य भागातल्या अभ्यासानुसार तिथला नर सुमारे २६ व्या वर्षी आणि मादी ३३ व्या वर्षी वयात येते. तेवढ्या काळात सशांच्या कित्येक डझन पिढ्या होऊन जातात.

१३. शार्क ७० वर्षं जगतो हे कसं ठरवलं? जुन्या पुस्तकांत तर २०-२५ लिहिलंय.

मणक्यांच्या छेदात झाडासारखी वलयं दिसतात, ती पूर्वी मोजायचे. म्हातारपणी वलयं इतकी दाट होतात की वेगळी मोजता येत नाहीत, त्यामुळे वय कमी भरत असे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी वातावरणात आणि पुढे समुद्रात किरणोत्सारी कार्बन वाढला. त्याची खूण कोणत्या वलयात उतरली आहे हे पाहून वलयांना खरं साल लावता आलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात एका नराचं वय ७३ वर्षं निघालं.

जंगलातल्या सशांची बहुतेक पिल्लं पहिलं वर्षही पूर्ण करत नाहीत. नीट सांभाळलेला पाळीव ससा ८ ते १२ वर्षं जगतो. मेलेल्या जंगली सशाचं वय डोळ्याचं भिंग वाळवून, त्याच्या वजनावरून काढतात, कारण भिंग आयुष्यभर वाढत राहतं.

१४. दोघांपैकी नामशेष होण्याचा धोका कोणाला जास्त?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत पांढरा शार्क ‘असुरक्षित’ वर्गात आहे. युरोपीय ससा त्याच्या वरच्या, म्हणजे अधिक गंभीर ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. वाचून धक्का बसतो, पण यात छापण्याची चूक नाही. यादी करताना प्रजातीच्या मूळ प्रदेशातली स्थिती पाहिली जाते. या सशाचं मूळ घर म्हणजे स्पेन, पोर्तुगाल आणि नैऋत्य फ्रान्स. तिथे आधी मिक्सोमॅटोसिस या सशांच्या विषाणूजन्य रोगाने त्याला झोडपलं. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये एका खासगी जमिनीवर मुद्दाम सोडलेला हा विषाणू युरोपभर पसरला. मग रक्तस्रावी रोग आला. तो १९८४ मध्ये चीनमध्ये प्रथम नोंदला गेला, आणि त्याचा नवा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये दिसला, ज्यात लहान पिल्लंही मरतात. या सशावर जगणारे आयबेरियन लिंक्स हे रानमांजर आणि स्पॅनिश शाही गरुडही त्याच्याबरोबर अडचणीत आले.

तोच ससा ऑस्ट्रेलियात उच्छाद ठरला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन यांच्या व्हिक्टोरियातल्या जमिनीवर इंग्लंडहून २४ ससे आले. पुढे ते वर्षाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने पसरले. १९०७ मध्ये पूर्ण झालेलं १,८०० किलोमीटरहून लांब कुंपणही त्यांना अडवू शकलं नाही. १९५० मध्ये तिथे मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला लागण झालेल्यांतले जवळपास सगळे मेले, मग वाचलेल्यांची प्रतिकारशक्ती वाढत गेली. आणि त्याच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पांढरा शार्क कायद्याने संरक्षित आहे. शार्कला देशभर संरक्षण देणारा पहिला देश दक्षिण आफ्रिका, साल १९९१. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचं बंधन २००४ मध्ये ठरलं.

शार्कचा धोका वेगळा आहे. तो जाळ्यांत आणि गळांवर सापडतो, आणि प्रश्न १२ मधल्या आकड्यांमुळे एक प्रौढ मादी गेली तर तिची जागा भरायला तीन दशकं लागतात. सशाला रोग एका हंगामात संपवू शकतो, पण रोग ओसरला तर तो काही वर्षांत परतू शकतो. शार्क परतायचा तर एवढ्या काळात परतूच शकत नाही. वर्ग कोणाचा गंभीर हे यादी सांगते. सावरण्याचा वेग तिथे एका शब्दात कळत नाही, तो वेगळा पाहावा लागतो.

१५. दोघांनाही उलटं केलं की ते ‘झोपतात’ म्हणे?

झोपत नाहीत. अनेक शार्क प्रजाती पाठीवर उलट्या केल्या की निपचित पडतात, आणि संशोधक त्यांना खूण लावताना याचा उपयोग करतात. ससाही पाठीवर धरला की अनेकदा हालचाल थांबवतो. सशात ही भक्षकाच्या तावडीत सापडल्यावरची शेवटची प्रतिक्रिया असते. शांत दिसला तरी तो घाबरलेला असतो. नखं कापण्यासाठी किंवा फोटोसाठी सशाला उताणा करण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. कृपया ते करू नका. मध्येच भानावर येऊन त्याने लाथ झाडली तर प्रश्न ४ मधला मणक्याचा धोका उभा राहतो.

१६. पांढरा शार्क मत्स्यालयात का दिसत नाही?

सतत पोहायची गरज, काचेवर आपटणं आणि खाणं सोडणं ही कारणं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयात २००४ मध्ये आणलेली एक लहान मादी १९८ दिवस राहिली, नंतर तिला समुद्रात सोडलं. ओकिनावात २०१६ मध्ये ठेवलेला मोठा नर तीन दिवसांत मेला.

१७. शार्कला कर्करोग होत नाही, म्हणून त्याच्या कूर्चेच्या गोळ्या घ्याव्यात का?

नाही. शार्कला गाठी होतात; ऑस्ट्रेलियाजवळ खालच्या जबड्यावर मोठी गाठ असलेला पांढरा शार्क नोंदला गेला आहे, आणि ती नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. कूर्चेच्या गोळ्यांनी कर्करोग बरा होत नाही, आणि त्यासाठी शार्क मारले जातात. सशाकडे पाहायचं तर गर्भाशय न काढलेल्या पाळीव माद्यांत चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार जास्त आढळतो. म्हणून पशुवैद्य वेळीच शस्त्रक्रिया सुचवतात.

१८. हे दोघे कधी समोरासमोर येतात का? भांडण झालं तर कोण जिंकेल?

मुलांचा हा सर्वांत आवडता प्रश्न. नैसर्गिकरीत्या भेट होत नाही. एकमेकांच्या सर्वांत जवळ ते आले असतील ते कॅलिफोर्नियासमोरच्या फॅरलॉन बेटांवर. तिथे माणसांनी आणलेले ससे जमिनीवर होते आणि भोवतालच्या पाण्यात सील खायला येणारे पांढरे शार्क. समुद्रपक्ष्यांना त्रास होतो म्हणून १९७० च्या दशकात ससे हटवले गेले. शार्क अजूनही येतात. पाण्यात पडलेला ससा शार्कच्या कामाचा नाही, कारण त्याला चरबीदार भक्ष्य लागतं आणि सशाच्या अंगावर चरबी फारच कमी.

१९. रॅबिटफिश हा शार्क आणि ससा यांच्यामधला प्राणी आहे का?

अजिबात नाही. या नावाने दोन वेगळे मासे ओळखले जातात. एक कायमेरा, जो शार्कचा दूरचा, कूर्चेच्या सांगाड्याचा नातेवाईक आहे. त्याच्या तोंडात सुट्या दातांऐवजी पट्ट्या असतात आणि पुढून त्या सशाच्या दातांसारख्या दिसतात. दुसरा प्रवाळाजवळ शेवाळ खाणारा हाडांचा मासा.

असाच गोंधळ ससा आणि शशक यांच्यात होतो. शशक बीळ खणत नाही, त्याची पिल्लं केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि त्याच्या गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात. प्रश्न १२ मधली सशाच्या पिल्लांची माहिती शशकाला लावू नका.

२०. प्रकल्पासाठी तुलना लिहायची आहे. काय काळजी घेऊ?

आधी प्रजाती पक्क्या करा (प्रश्न १). मग वय आणि लिंग: प्रौढ मादीशी प्रौढ मादीचीच तुलना, नाहीतर शार्कची लांबी साधारण एक मीटरने चुकते. लांबी कुठून कुठवर मोजली तेही लिहा, कारण शार्कची नाकाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात किंवा शेपटीच्या खाचेपर्यंत, आणि दोन्ही आकडे वेगळे येतात. सशाच्या लांबीत कान धरत नाहीत.

मोजलेले आकडे आणि अंदाज वेगवेगळ्या रंगांत लिहा. शार्कची चावण्याची ताकद म्हणून जो १.८ टनांचा आकडा सगळीकडे फिरतो, तो २००८ मधल्या संगणकीय प्रतिकृतीतून, फार मोठ्या शार्कसाठी काढलेला आहे. जिवंत शार्कच्या जबड्यात यंत्र ठेवून तो मोजलेला नाही.

सारख्या कामाच्या अवयवांची जोडी लावा, सारख्या नावाच्या नव्हे. शार्कच्या त्वचेवरचे खवले आणि सशाची लव ही जोडी ‘अंगावरचं आवरण’ म्हणून चालते, पण घडणीने पाहिलं तर तो खवला दाताच्या जातीचा आहे: आत दंतद्रव्य, वर इनॅमलसारखा कडक थर. त्वचेवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. म्हणजे घडणीच्या रकान्यात शार्कच्या खवल्यासमोर सशाचा दात लिहायचा, आणि कामाच्या रकान्यात सशाची लव.